पद्मिनी की अँबॅसिडर? डिलाईल रोडच्या कसोटीवर

जुन्या गाड्यांची तुलना करायची म्हटली की बहुतेक जण आधी इंजिनाचे आकडे काढतात. किती सीसी, किती हॉर्सपॉवर, ताशी किती किलोमीटर. हे आकडे खोटे नसतात. पण गाडी कुठल्या रस्त्यावर चालायची आहे, तिच्यात कोण बसणार आहे आणि बिघडली तर ती कोण दुरुस्त करणार आहे, यांबद्दल ते काहीच सांगत नाहीत. गाडी उपयोगाची आहे की नाही, हे मात्र याच तीन प्रश्नांवर ठरतं.

प्रीमियर पद्मिनी आणि हिंदुस्थान अँबॅसिडर या दोन गाड्या याचा सर्वांत चांगला पुरावा आहेत. दोन्ही एकाच देशात, एकाच परवाना-राज्यात, एकाच पेट्रोलवर चालल्या. साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मध्यमवर्गीय भारतीयाला गाडी घ्यायची तर मुख्यतः याच दोघींतून निवडावी लागे. मद्रासची स्टँडर्ड ही तिसरी, पण तिचा वाटा लहान. असं असूनही कोलकात्याने टॅक्सीसाठी अँबॅसिडर घेतली आणि मुंबईने पद्मिनी. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या आसपास काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या आणि त्यांत पद्मिनीचं जवळजवळ एकछत्री राज्य होतं. त्याच मुंबईत मंत्रालयाच्या आवारात मात्र पांढऱ्या अँबॅसिडरची रांग लागलेली असे. एकाच शहरात फाटकाच्या आत एक गाडी आणि फाटकाबाहेर दुसरी, हे कसं झालं?

उत्तर शोधायला आपण एक रस्ता घेऊ. सात रस्त्यापासून लोअर परळच्या पुलापर्यंत जाणारा डिलाईल रोड, म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. एका अंगाला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या अंगाला मध्य रेल्वे, आणि दोन्हींच्या मध्ये दाटीने वसलेला हा गिरणगावाचा पट्टा. गिरण्यांची फाटकं, बीडीडी चाळींच्या ३२ इमारती, खाणावळी, हातगाड्या, बेस्टच्या बसगाड्या आणि पाळी सुटली की रस्ताभर माणसं. दोन गाड्या तोलायला यापेक्षा कडक परीक्षक मिळणार नाही.

दोन घराणी

पद्मिनीचं मूळ इटलीत आहे. फियाटने १९५३ मध्ये ११००-१०३ ही गाडी बाजारात आणली आणि वर्षभरातच ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली. हा कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ही कंपनी काढली आणि सुरुवातीला तिथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळवल्या जात. नंतर फियाटशी करार झाला आणि सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट अशा एकेक आवृत्त्या येत गेल्या. फियाटशी असलेला परवाना-करार संपल्यावर सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून हीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली जाऊ लागली. नाव बदललं तरी मुंबईकराच्या तोंडी ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

अँबॅसिडरचं घराणं इंग्रजी. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घडली. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याजवळ उत्तरपाडा इथे तिचं उत्पादन सुरू केलं आणि मार्क १ पासून मार्क ४ पर्यंत, पुढे नोव्हा आणि त्याहीपुढच्या रूपांत ती २०१४ पर्यंत निघत राहिली.

एक कारखाना कुर्ल्यात, दुसरा हुगळीच्या काठी. गाडीच्या गुणांशी या पत्त्यांचा काही संबंध नाही असं आधी वाटतं. पुढे गॅरेजात शिरल्यावर या पत्त्यांचं वजन कळेल.

आकडे शेजारी शेजारी

तुलना समसमान व्हावी म्हणून सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या पेट्रोल गाड्या घेऊ.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, ताकद सुमारे ४० हॉर्सपॉवर. गाडीचं रिकामं वजन ८९५ किलो. अँबॅसिडरचं इंजिन १४८९ सीसीचं, तेही चार सिलिंडरचं, ताकद पन्नास ते पंचावन्न हॉर्सपॉवर, आणि वजन साडेअकराशे किलोच्या आसपास. नुसती ताकद पाहिली तर अँबॅसिडर पुढे आहे. पण गाडी पळते ती ताकद आणि वजन यांच्या गुणोत्तरावर. दर टनामागे पद्मिनीला सुमारे ४५ हॉर्सपॉवर मिळतात, तर अँबॅसिडरला ४३ ते ४८. म्हणजे कामगिरीच्या बाबतीत दोघी जवळजवळ बरोबरीत आहेत. दोन्हींना चार गिअर, दोन्हींचा गिअरचा दांडा जुन्या आवृत्त्यांत स्टिअरिंगच्या खांबाला, दोन्हींना चारही चाकांना ड्रम ब्रेक.

खरा पिकअप काय असतो ते भारतीय ग्राहकाला डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आल्यावर कळलं. तिचं इंजिन अवघं ७९६ सीसीचं आणि ताकदही पद्मिनीपेक्षा थोडी कमीच; पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. दर टनामागे पंचावन्नच्या पुढे हॉर्सपॉवर. सिग्नल सुटला की ती दोघींनाही मागे टाकून निघून जाई. तेव्हा पद्मिनी आणि अँबॅसिडरची तुलना वेगावर करण्यात अर्थ नाही. फरक दुसरीकडे आहे, आणि तो मोजपट्टीने मोजता येतो.

पद्मिनीची लांबी ३.९३ मीटर आणि रुंदी १.४६ मीटर. अँबॅसिडरची लांबी सुमारे ४.३२ मीटर आणि रुंदी १.६६ मीटर. पद्मिनी ६२ चौरस फूट जागा अडवते, अँबॅसिडर ७७ चौरस फूट. हा पंधरा चौरस फुटांचा फरक किती, हे ज्यांचं आयुष्य बीडीडी चाळीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत गेलं त्यांना समजावून सांगावं लागत नाही. अँबॅसिडर त्या खोलीत उभी केली असती तर निम्मी खोली तिनेच घेतली असती.

हाच हिशेब टॅक्सी स्टँडवर लावून पाहा. फुटपाथच्या ज्या कडेला दहा अँबॅसिडर उभ्या राहतील, तिथे बंपरला बंपर लावून अकरा पद्मिनी मावतात. मुंबईत रस्त्याची कडा ही जमिनीइतकीच महाग चीज आहे.

सात रस्त्यापासून पुलापर्यंत

आता दोन्ही गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर घालू. पाळी सुटायची वेळ आहे. टॅक्सी दहा मीटर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. हातगाडीवाला आडवा येतो, बस थांब्यावर उभी राहते, मागून हॉर्न वाजतात.

अशा वाहतुकीत पेट्रोल दोन ठिकाणी जळतं. पहिलं, गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू ठेवण्यात. इंजिन मोठं तितका हा खर्च जास्त, आणि अँबॅसिडरचं इंजिन पद्मिनीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठं आहे. दुसरं, थांबलेलं वजन पुन्हा पुन्हा हलवण्यात. चालकासह पाच माणसं बसली की पद्मिनीचं एकूण वजन बाराशे किलोंच्या घरात जातं, अँबॅसिडरचं पावणेपंधराशेच्या. त्याच वेगाला आणायला अँबॅसिडरला सुमारे वीस टक्के जास्त ऊर्जा लागते आणि पुढच्या ब्रेकला ती सगळी ड्रमच्या उष्णतेत विरून जाते. मोकळ्या महामार्गावर हा फरक फारसा जाणवत नाही, कारण तिथे गाडी एकदा वेगात आली की आली. डिलाईल रोडवर तो मिनिटामिनिटाला जाणवतो. शहरात पद्मिनी लिटरमागे दहा-बारा किलोमीटर देते आणि अँबॅसिडर आठ-नऊ, असं जुने चालक सांगत, त्यामागचं कारण हे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि टॅक्सीच्या धंद्यात या दोन-तीन किलोमीटरच्या फरकाला निर्णायक महत्त्व आलं.

चालकाच्या अंगावर पडणारा भारही मोजायला हवा. दोन्ही गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. उभ्या गाडीचं चाक वळवायला खांद्यातून जोर लावावा लागे आणि जड गाडीला तो जास्त लागे. जुन्या रचनेत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसे, त्यामुळे गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. नाही तर गिअर करकरून ओरडत. दिवसपाळीचा चालक गाडी रातपाळीच्या चालकाच्या हाती देईपर्यंत त्याने क्लच किती वेळा दाबला असेल याचा विचार केला, तर लहान, हलक्या आणि कमी जागेत वळणाऱ्या गाडीला त्याने का पसंती दिली असेल ते समजतं. गिरणीतल्या साच्यावरच्या कामगाराइतकंच त्याचंही काम हाडं झिजवणारं होतं.

माणसं, ट्रंक आणि कॅरिअर

गिरणगावात स्वतःची गाडी असणारे थोडे. टॅक्सी मात्र प्रत्येक घराच्या आयुष्यात कधी ना कधी येई. बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री केईएमला किंवा नायरला जायचं असो, म्हातारं माणूस अचानक आजारी पडो, की गणपती-शिमग्याला गावी निघताना मुंबई सेंट्रलचा एसटी स्टँड गाठायचा असो. साताऱ्याकडची, कोल्हापूरकडची आणि कोकणातली माणसं या रस्त्यावर राहत होती आणि गावी जाताना त्यांच्याबरोबर सामान असे ते पोत्यांच्या आणि ट्रंकांच्या मापाने.

या कसोटीवर अँबॅसिडर उघडपणे सरस आहे. तिची मागची बैठक रुंद, पाय ठेवायला जागा ऐसपैस, छत उंच. नऊवारी नेसलेल्या आजीला वाकून अंग चोरून आत शिरावं लागत नाही. डिकी इतकी खोल की दोन ट्रंका आणि वर वळकटी आरामात बसते. रुग्णाला मागच्या सीटवर आडवं करायचं असेल तर या वीस सेंटिमीटर जास्त रुंदीचं मोल पैशात करता येत नाही.

पद्मिनीची मागची सीट तिघांची, पण तिघं खांद्याला खांदा लावून. सामानाची अडचण मुंबईने टपावर लोखंडी कॅरिअर बसवून सोडवली. वर ट्रंक, तिला दोरी, आणि खिडकीतून हात बाहेर काढून ती दोरी धरणारा घरातला एक जण, हे दृश्य मुंबईने अनेक दशकं पाहिलं. पुढे हवा-प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिले आणि जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेणं सक्तीचं झालं. तेव्हा गॅसची टाकी डिकीत बसली आणि डिकी अर्धीअधिक संपली. मग तर कॅरिअरशिवाय गत्यंतर उरलं नाही. पद्मिनीने जागेची कमतरता छतावर भागवली. अँबॅसिडरला रस्त्यावरची अडचण मात्र कशानेच भागवता आली नसती. गाडीच्या वर सामान चढवता येतं, रस्ता रुंद करता येत नाही.

गॅरेजात

जुन्या गाडीचा खरा स्वभाव बॉनेट उघडल्यावर कळतो. पद्मिनीचं बॉनेट उघडलं की इंजिनाभोवती हात घालायला जागा दिसते. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोलपंप, प्लग, सगळं डोळ्यांसमोर. अँबॅसिडरचं तर त्याहून मोकळं; उंच माणूस आत उभा राहून काम करेल इतकं. दोन्ही गाड्या अशा काळातल्या, जेव्हा बिघाड डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी शोधला जाई.

एक काम जवळून पाहू. गाडी मिसिंग करू लागली, पिकअप गेला, सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागला, की मेकॅनिक आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढतो. आत सीबी पॉइंट असतात: दोन छोटे धातूचे ठिपके, जे इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर उघडतात आणि मिटतात. ते उघडले की इग्निशन कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी मिळते. सततच्या ठिणगीने हे ठिपके जळतात, त्यांवर खड्डा पडतो. मेकॅनिक बारीक कानशीने किंवा पॉलिश पेपरच्या तुकड्याने ते घासतो, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडे करतो, मधल्या फटीत गेज सरकवतो आणि स्क्रू कसतो. ही फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. ती जास्त झाली किंवा कमी झाली तर गाडी ओढत नाही. हात बसलेल्या कारागिराला या कामाला दहा मिनिटं पुरत. आज हे काम संगणकाच्या मेंदूकडे गेलं आहे आणि तो बिघडला तर तो बदलण्यापलीकडे रस्त्यावरचा मेकॅनिक काही करू शकत नाही.

पावसाळ्यात हेच ज्ञान रस्त्यावर उपयोगी पडे. हिंदमाताला किंवा परळच्या सखल भागात पाणी तुंबलं की डिस्ट्रिब्युटरमध्ये ओल जाई आणि गाडी बंद पडे. चालक टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसे, प्लगच्या वायरी पुसे आणि पुन्हा स्टार्टर मारी. उन्हाळ्यात पेट्रोलपंप तापून आतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपावर ओलं फडकं टाकून ठेवलं जाई. दोन्ही गाड्यांचे हे रोग सारखेच आणि उपायही सारखेच.

मग गॅरेजात पद्मिनी कुठे जिंकली? पत्त्यामुळे. कारखाना कुर्ल्यात होता. तिथे काम केलेले फिटर आणि वेल्डर शहरातच राहत. सुटे भाग नवे हवे असोत की जुने, सगळं मुंबईतच मिळे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा जुन्या भागांचा बाजार आजही आहे. एखाद्या रस्त्यावर शंभर पद्मिनी धावत असल्या की गल्लीतला प्रत्येक मेकॅनिक पद्मिनीवरच शिकतो. तो तिच्यावर शिकला म्हणून पुढचा माणूसही पद्मिनीच घेतो. अशी साखळी एकदा जुळली की दुसरी गाडी कितीही चांगली असली तरी तिला आत शिरायला वाव राहत नाही. कोलकात्यात नेमकी हीच साखळी अँबॅसिडरच्या बाजूने जुळली, कारण उत्तरपाडा तिथून जवळ.

या गाड्या पुन्हा पुन्हा नव्या करता येत, हाही मोठा गुण. इंजिन थकलं की ते उतरवायचं, सिलिंडर बोअर करून थोडे मोठे पिस्टन घालायचे, रिंगा बदलायच्या, हेड घासायचं आणि इंजिन पुन्हा बांधायचं. सस्पेंशनचे पाटे बसले तर लोहाराकडून वाकवून घ्यायचे. पत्रा गंजला तर कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. टॅक्सीवाल्याने मारुती आल्यानंतरही वीस वर्षं पद्मिनी सोडली नाही, त्याचं कारण हे आहे. त्याला वेगवान गाडी नको होती. जी गाडी आजच्या कमाईत आजच दुरुस्त होईल, ती हवी होती.

घाटावरचा हिशेब

अँबॅसिडरला न्याय द्यायचा तर तिला डिलाईल रोडवरून बाहेर काढलं पाहिजे. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा इथल्या त्या काळच्या रस्त्यांवर घेऊन जा. डांबर उखडलेलं, कडेला मुरूम, मध्ये ओढ्याचे फरशीपूल, गावात शिरताना बैलगाडीची चाकोरी. तिथे रुंदीची अडचण नाही आणि स्टँडवर जागेसाठी भांडण नाही.

अँबॅसिडरची चाकं १५ इंचांची, पद्मिनीची १४ इंचांची. मोठं चाक खड्ड्यात कमी बुडतं. पुढे टॉर्शन बार आणि मागे पाट्यांचं सस्पेंशन असल्याने अँबॅसिडर खडबडीत रस्त्यावर दणका सोसते आणि आतल्या माणसांना तो कमी लागतो. इंजिन मोठं असल्याने खालच्या फेऱ्यांना ओढ चांगली. खंबाटकीच्या चढावर भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये न कण्हता चढते. १९८० च्या सुमारास तिला १४८९ सीसीचं डिझेल इंजिनही मिळालं. ताकद जेमतेम ३७ हॉर्सपॉवर, म्हणजे चालायला संथ. पण डिझेल स्वस्त असल्याने लांब पल्ल्याला परवडणारी. पद्मिनीला डिझेल मिळालं ते नव्वदच्या दशकात, उशिरा. शेवटी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अँबॅसिडरला इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर मिळाले, तेव्हा ताकदीत पद्मिनी तिच्या जवळपासही राहिली नाही.

सरकारी अधिकारी, आमदार, सहकारी साखर कारखान्यांचे पदाधिकारी यांनी अँबॅसिडर घेतली त्यामागे रुबाब होता हे खरं, पण व्यवहारही होता. ज्याला दिवसात तीन तालुके फिरायचे आहेत आणि सोबत चार-पाच माणसं न्यायची आहेत, त्याच्यासाठी ती योग्यच गाडी होती. मंत्रालयाच्या फाटकाआतली आणि बाहेरची गाडी वेगळी का, याचं उत्तर इथे मिळतं. आतली गाडी सगळ्या महाराष्ट्रात फिरायची होती, बाहेरची फक्त मुंबईत.

गिरणी, कारखाना आणि शेवटची टॅक्सी

या दोन गाड्यांचा शेवट त्यांच्या गुणदोषांमुळे झाला नाही. बाजार खुला झाला, नवं परदेशी तंत्रज्ञान आलं आणि प्रदूषणाचे नियम कडक झाले. त्यात कुर्ल्याच्या कारखान्याचं नशीब गिरणगावासारखंच निघालं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांची संघटना प्रीमियरच्या कामगारांतही प्रबळ होती. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. ना. म. जोशी मार्गावरच्या अपोलो मिलच्या जागी निवासी टॉवर उभे राहिले. कुर्ल्यात प्रीमियरच्या जागेवर कोहिनूर सिटी उभी राहिली. कापड विणणारे आणि गाड्या बांधणारे, दोन्ही हातांचं कसब एकाच पिढीत बेकार झालं, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

राज्य सरकारने २००८ मध्ये टॅक्सीसाठी २५ वर्षांची वयोमर्यादा घातली आणि २०१३ मध्ये ती २० वर्षांवर आणली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून चालणं बंद झालं. अंधेरीच्या गोखले पुलाच्या दुर्घटनेनंतर जुलै २०१८ मध्ये बंद केलेला डिलाईल रोडचा पूल नव्याने बांधून पूर्ण खुला झाला, तो त्यानंतर काही आठवड्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये. पूर्ण खुल्या झालेल्या नव्या पुलावरून पद्मिनी टॅक्सी कधी धावलीच नाही.

निवाडा

कामगिरीत दोघी बरोबरीच्या. जागा, आराम, सामान आणि वाईट रस्ता या चार गोष्टींत अँबॅसिडर निर्विवाद सरस. अरुंद रस्ता, पेट्रोलचा खर्च, चालकाचे कष्ट आणि सुटे भाग या चार गोष्टींत मुंबईपुरती पद्मिनी सरस. डिलाईल रोडसाठी मी पद्मिनीच निवडेन आणि खंबाटकी ओलांडायची असेल तर अँबॅसिडर.

आज हौसेने यांतली एखादी घ्यायची असेल तर हाच निकष लावा. आधी तुमची गल्ली मोजा, गाडी रात्री कुठे उभी राहणार ते ठरवा. मग कार्बुरेटर आणि सीबी पॉइंट जाणणारा मेकॅनिक तुमच्या गावात आहे का ते शोधा. तो नसेल तर सौदा करू नका. गाडी बघताना चकचकीत रंगावर भुलू नका. गालिचा उचलून तळाचा पत्रा, दाराखालची पट्टी आणि पाट्यांची बैठक तपासा, कारण इंजिन पुन्हा बांधता येतं, गंजलेला सांगाडा बांधणं फार खर्चाचं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचे पडदे लवकर खराब होतात, ते आधीच बदलून घ्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा कागद चालू आहेत का ते पाहूनच पैसे द्या. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली असतील तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते. पण मग ती गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली आणि देखभालीपुरतीच रस्त्यावर काढता येते. रोज चालवायची की जपून ठेवायची, हे आधी ठरवा आणि मगच किल्ली हातात घ्या.